बाहेर पडा

एकूण ओळी चार हजार एकशे बारा.
तीनशे सातवी: बाहेर पडा.
मीच लिहिलेली, मार्चमध्ये कधीतरी,
रात्री दीडला, डोळे मिटत असताना.
बटण होतं. जागा आठ अक्षरांची. बसलं.

हिशेबाचं हे सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं नाही.
फिनलंडच्या कुणी सुरू केलं,
ब्राझीलच्या कुणी त्याला व्याज शिकवलं,
मराठी मी घालतोय, गुजराती केयूर,
रावपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत.
पगार दोघांनाही नाही.
चहा त्याचा, शेव-उसळ माझी.

माझी ओळ डोक्यावर रेघ घेऊन चालते,
त्याची उघड्या डोक्यानं.
एकाच खिडकीत दोन्ही लावून बघतो,
वेलांटी कुठे कापली जाते ते.
'दुसऱ्या'मधला अर्धा र
शेजारच्या अक्षराला सोडून लोंबत होता
अकरा महिने.
बसला जागेवर, तेव्हा आम्ही पेढे वाटले
खालच्या दुकानात. तिथे कुणाला काही कळलं नाही.

एकदा शब्दावरून अडलं.
मी लिहिलं 'जतन करा', त्यानं 'साचवो'.
मी हसलो. आमच्यात साचतं ते पाणी, म्हटलं.
'पाणी तुमचं-आमचं कुठे असतं?' केयूर म्हणाला,
'विश्वामित्री सगळ्यांच्या ओट्यावर येते,
मगरीसकट.'
मी गप्प झालो. कारण घरी आई,
याच गावात जन्मलेली,
पैसे साचवून ठेव म्हणते
आणि ते मराठीच आहे असं मलाही
चाळीस वर्षं वाटत होतं.

मग वाडीतल्या शिवणमंडळातून फोन आला.
फाइल मोडली. दुसऱ्यांदा.
कुमुदताई फणसे, बेचाळीस बायकांचे हप्ते लिहितात,
एकेक आकडा बरोबर, जतनही केलेला.
बंद कसं करता, विचारलं.
त्यांनी वाकून भिंतीतला प्लग ओढून दाखवला.

'ते बटण दाबा ना, ताई.'
'कुठलं? बाहेर पडा?
दोन तास त्याचा हिशेब लिहायचा
आणि त्यानं दार दाखवायचं?
प्लग बरा. तो काही बोलत नाही.'

परतताना स्कूटरवर आम्ही बराच वेळ बोललो नाही.
मांडवीपाशी केयूर म्हणाला,
'अमे तो आवजो कहीए.'
आणि आम्ही कुठे 'जातो' म्हणतो?
जिन्यात उभे राहून, चप्पल घालून, पाठ वळवून
आम्ही म्हणतो, येतो.

रात्री फाइल उघडली. येतो.
पण बटण दाबणाऱ्या बेचाळीस बायका.
येते.
मग खालचा झेरॉक्सवाला काय दाबेल?
तिरपी रेघ मारून दोन्ही लिहिले,
सरकारी फॉर्मसारखे दिसायला लागले.
खोडले.
सव्वादोनला सुचलं:
येऊ?

पुण्याहून तपासणाऱ्यांचा शेरा आला दोन दिवसांत.
अर्थ मूळ शब्दाच्या उलट.
बटणावर प्रश्नचिन्ह नको.
प्रमाण रूप वापरावे.
सगळं बरोबर. मी वाद घातला नाही.
ओळ लाल आहे अजून.

पण मुक्त म्हणतात ते याचसाठी ना,
की लाल ओळही पेनड्राइव्हवर घेऊन
वाडीत जाता येतं,
एका मशिनपुरती.

कुमुदताईंनी हप्ते लिहिले, जतन केले.
बाण बटणावर नेला. थांबल्या.
चष्मा काढला, घातला.
विचारतंय कोण, मशीन की त्या स्वतः,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
त्यांना प्रश्न पडला नसावा.
'या हं,' म्हणाल्या पडद्याला,
आणि दाबलं.

तीनशे आठवी ओळ आहे
तुम्हाला नक्की खात्री आहे का?
तिच्यापाशी बसलोय.